पडणाऱ्या मुलाखालची जमीन

नागपूरहून इटारसीकडे निघालेल्या रेल्वेला काटोल, नरखेडच्या आधी कळमेश्वर लागतं. या गावाच्या एका अंगाला संत्र्याचे बगीचे आणि कपाशी-तुरीची काळी शेतं आहेत. दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आहे. तिथल्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात रंगीत लेपाचे पोलादी पत्रे तयार होतात. नागपूर पसरत चाललं तशी आसपासच्या शेतांवर ले-आउट पडले, घरं उठली. ले-आउटच्या नकाशात खुली जागा असते आणि उशिरा का होईना, तिथे झोके, घसरपट्टी, ग्रीन जिम येतं. अलीकडे त्यांच्या जोडीने आणखी एक वस्तू येऊ लागली आहे: लाल-हिरव्या रबरी टाइल्स. बालवाडीच्या अंगणात, बागेतल्या झोक्याखाली, फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर.

टाइल घेताना सगळीकडे तीनच प्रश्न विचारले जातात. रंग कोणता, फुटाचा भाव काय, किती वर्षं टिकेल? चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं आणि खरा प्रश्न तोच आहे. इथे मूल किती उंचीवरून पडणार आहे? ही टाइल त्या पडण्यासाठीच बनली. तो प्रश्न विचारायचा राहिला, तर विदर्भातल्या गावात ती टाइल म्हणजे रंगवलेला खर्च ठरते.

दीड मीटरचा हिशेब

दीड मीटर उंचीवरून पडलेलं मूल जमिनीवर आदळतं तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. दोन मीटरवरून पडलं तर २२-२३, तीन मीटरवरून २७-२८. हा वेग मुलाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतो. इजा किती होईल हे मात्र पुढच्या क्षणावर ठरतं. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो?

शाळेतल्या गणिताने हे समजतं. दीड मीटरवरून आलेलं डोकं पाच मिलिमीटर अंतरात थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ३०० पट धक्का बसतो. तेच तीस मिलिमीटरमध्ये थांबलं, तर ५० पट. प्रत्यक्षात धक्क्याचं टोक सरासरीहून बरंच वर जातं. सिमेंटच्या कोब्यावर डोकं जवळजवळ जागच्या जागी थांबतं. रबराचं काम एवढंच की थांबण्याला काही मिलिमीटर अधिक मिळवून द्यायचे. पण पंचवीस मिलिमीटरची टाइल काही पंचवीस मिलिमीटर दबत नाही. ती निम्मी दबली तरी पुष्कळ झालं. म्हणून जाडी हा शोभेचा नव्हे, सुरक्षिततेचा आकडा आहे.

यासाठी मोजमाप आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात डोक्याला किती धक्का सोसतो याचे प्रयोग झाले. त्यांतून आणि मोटार अपघातांच्या अभ्यासातून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डोक्याच्या इजेचा एक निर्देशांक तयार झाला. मोटारींच्या सुरक्षा-चाचणीत जो वापरतात तोच पुढे मुलांच्या मैदानावर आला. युरोपातलं ईएन ११७७ आणि अमेरिकेतलं एएसटीएम एफ१२९२ ही मानकं त्यावर उभी आहेत. साडेचार किलोंहून थोडं जड, अर्धगोल धातूचं डोकं संवेदक बसवून वेगवेगळ्या उंचीवरून टाइलवर सोडतात. निर्देशांक १०००च्या वर किंवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटींच्या वर गेला, की ती उंची त्या टाइलच्या आवाक्याबाहेरची.

बाजारातल्या चांगल्या टाइल्सचा साधारण अनुभव असा. पंचवीस मिलिमीटर जाडी मीटरभराच्या आतल्या पडण्यापुरती. पन्नास मिलिमीटर सुमारे दीड मीटरपर्यंत. दोन मीटरच्या पुढे जायचं तर सत्तर-ऐंशी, तीन मीटरसाठी शंभरच्या घरात. पण हा अंदाज झाला. दाण्यांचा आकार, बाइंडरचं प्रमाण, दाबून भरलेली घनता यांवर आकडा बदलतो, म्हणून त्याच टाइलचं चाचणी प्रमाणपत्र हवं. दोन मीटर उंचीच्या घसरपट्टीखाली पंचवीस मिलिमीटरची टाइल दिसली, तर तिथे कोणी प्रमाणपत्र मागितलं नाही असं खुशाल समजावं.

टाइल किती लांबवर पसरायची, यालाही नियम आहे. मूल खेळण्याच्या बरोबर खाली पडत नाही, ते उडून बाजूला पडतं. युरोपीय मानकात दीड मीटरपर्यंतच्या उंचीला चहूबाजूंनी दीड मीटर मोकळी, मऊ जागा लागते आणि त्यापुढे उंचीबरोबर ती वाढते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळमैदानांसाठीची पुस्तिका १९८१पासून निघते. ती झोक्याच्या पुढे आणि मागे, आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट जागा मागते. आपल्याकडे टाइल्स बहुधा झोक्याच्या फळीखालच्या चौकोनात संपतात. झोका टिपेला असताना हात सुटलेलं मूल नेमकं त्या चौकोनाबाहेर जातं.

रेती, आखाड्याची माती आणि रबर

पडण्यासाठी जमीन तयार करणं आपल्याला नवं नाही. कुस्तीच्या आखाड्यातली माती चाळून, तेल-ताक-हळद घालून, रोज फावड्याने उकरून मऊ ठेवली जाते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. अशा संस्थांनी विदर्भात शरीर कमावण्याची शिस्त रुजवली. त्या शिस्तीत माती उकरणं हे कसरतीइतकंच कर्तव्य होतं. मातीची ताकद तिच्यात नव्हती, रोजच्या उकरण्यात होती. उकरणारे हात गेले की आठवडाभरात आखाडा टणक होतो.

रेतीचंही तसंच. नऊ इंच, म्हणजे तेवीस सेंटिमीटर रेती जेमतेम चार फुटांच्या पडण्याला पुरते, असं अमेरिकी पुस्तिका सांगते. तेवढ्याच जाडीच्या लाकडी ढलप्या दहा फुटांपर्यंत सांभाळतात. पण रेती पावसाने वाहते, ओली होऊन घट्ट बसते, कुत्र्या-मांजरांना सोयीची वाटते. ढलप्या आपल्याकडे वाळवीच्या आणि उन्हाळ्यात ठिणगीच्या तावडीत. ज्या बागेला रोजचा माळी नाही, तिथे बसवून टाकता येणारं रबर उपयोगी पडतं. त्याला देखभाल लागतच नाही असं मात्र नाही. आखाड्याच्या मातीपेक्षा कमी लागते, एवढंच.

टायरपासून टाइलपर्यंत

ही टाइल बहुतांश जुन्या टायरची असते. नागपूर हे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांचं चौक-शहर. शहरालगतच्या वाडीच्या परिसरात ट्रान्सपोर्टचा धंदा मोठा आहे. ट्रक चालतात तिथे टायर झिजतात. झिजलेले टायर उघड्यावर पडले की पावसाचं पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते आणि जाळले की काळा, विषारी धूर.

रिमोल्डिंगच्या दुकानात टायरची जुनी धाव खरवडली जाते. तिचे लांबट तुकडे, म्हणजे बफिंग, टाइलसाठी चांगले मानतात. बाकीचे टायर कातरून दळतात, चुंबकाने पोलादी तारा आणि हवेच्या झोताने धागे वेगळे काढतात. उरलेल्या दाण्यात पॉलियुरेथेन बाइंडर मिसळून साच्यात गरम दाबाने टाइल करतात. भारत सरकारने २१ जुलै २०२२ रोजी टाकाऊ टायरबाबत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम अधिसूचित केले. टायर बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला आता पुनर्वापराचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे दळलेल्या रबराला नवा भाव आला आहे.

टाइलचा रंग कुठून येतो, हे घेणाऱ्याने पाहायलाच हवं. स्वस्त प्रकारात काळ्या टायरच्या दाण्यावर रंगाचा लेप असतो. पावलांनी आणि उन्हाने तो घासला की खालचं काळं उघडं पडतं. महाग प्रकारात वरचा थर ईपीडीएम रबराचा असतो, त्याच्या दाण्यात रंग आरपार मुरलेला. ओळखायला ब्लेड पुरतं. वरचा एक दाणा कापावा. आत काळा निघाला तर लेप, आतही तोच रंग निघाला तर ईपीडीएम. दुसरी परीक्षा चुंबकाची. नमुन्यावरून जोरकस चुंबक फिरवावं. तार राहिली असेल तर ती उद्या उघड्या गुडघ्यात घुसणार आहे.

काळी माती

टाइल किती चांगली यापेक्षा ती कशावर बसते हे कळमेश्वरमध्ये महत्त्वाचं. दख्खनच्या बेसाल्टची ही काळी, चिकण माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. अशा मातीवर नुसती सपाटी करून टाइल्स अंथरल्या, तर पहिल्याच पावसानंतर कोपरे वर येतात. त्या कोपऱ्याला मूल अडखळतं. ज्या वस्तूने पडणं सुसह्य करायचं, तीच पाडू लागते.

काम जमिनीखाली सुरू होतं. काळी माती पुरेशी खोल काढून टाकायची. मुरूम थराथराने भरून, पाणी मारून रोलरने दाबायचा. त्यावर गिट्टी आणि मग सुमारे दहा सेंटिमीटर काँक्रीट. त्याला मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार आणि चहूबाजूंनी कर्ब. काँक्रीट पूर्ण पिकून कोरडं होईपर्यंत चिकटवणीचा डबा उघडायचा नाही. हा सगळा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री यालाच लागते.

ऋतूचा मुद्दाही आहे. रबराचा प्रसरणांक काँक्रीटच्या कित्येक पट असतो. डिसेंबरच्या थंडीत गच्च ठोकून बसवलेल्या टाइल्स मे महिन्यात फुगून पोट काढतात. मेच्या दुपारी बसवलेल्या थंडीत आकसून फटी दाखवतात. जाणते कारागीर गठ्ठे सोडून टाइल्स दिवसभर तिथल्याच हवेत राहू देतात, काम सकाळी किंवा संध्याकाळी करतात आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे तोडून रांगा लावतात. पॉलियुरेथेनची एकघटकी चिकटवण हवेतल्या दमटपणाने घट्ट होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला वेळ लागतो, म्हणून फवाऱ्याने हलका शिडकावा करतात. ओल्या काँक्रीटवर मात्र तीच चिकटवण फेसाळून पोकळ बसते.

नवतपा

आता या गावातला सर्वांत मोठा प्रश्न. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा सूर्य याच अक्षांशावर डोक्यावर येतो. २६ मेच्या सुमारास नागपूर परिसरात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी बाराच्या आसपास उभ्या खांबालाही सावली उरत नाही. हवा सत्तेचाळीस अंशांची असेल, तेव्हा उन्हातलं गडद रबर त्याहून कितीतरी वर, सत्तर अंशांच्याही पुढे जाऊ शकतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनासारख्या उष्ण प्रदेशात मुलांच्या मैदानांची अशी मोजमापं झाली आहेत. त्यांतून निघालेली गोष्ट सरळ आहे: रंग हलका असला तर थोडा फरक पडतो, सावली असली तर खूप मोठा.

छोट्या मुलांची कातडी पातळ असते आणि चटका बसल्यावर पाय उचलायला त्यांना मोठ्यांपेक्षा वेळ लागतो. सुरक्षित पडण्यासाठी आणलेल्या जमिनीने पाय भाजले, तर पालक मुलांना तिथे जाऊ देणार नाहीत आणि ते बरोबरच असेल. म्हणून कळमेश्वरसारख्या गावात टाइलच्या आधी सावलीचा विचार व्हायला हवा.

सावली कुठे पडावी हे मुलांच्या वेळेवरून ठरवावं. उन्हाळ्यात मुलं पाचनंतर बाहेर येतात. तेव्हा सूर्य पश्चिमेला असतो आणि सावली पूर्वेकडे पडते. म्हणजे कडुनिंब, करंज ही झाडं खेळण्यांच्या पश्चिमेला आणि वायव्येला लावायला हवीत. झाड वाढेपर्यंत ग्रीन नेट ताणता येते. या गावात तर रंगीत पत्रा घडतो. पांढऱ्या पत्र्याचं उंच, चारी बाजूंनी मोकळं छत खेळण्यांवर टाकणं इथे अवघड नसावं. टाइलसाठी काळा, गडद हिरवा, विटकरी हे रंग टाळून फिकट बदामी किंवा राखाडी घ्यावा. आणि रोजची साधी तपासणी: तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टाइलवर ठेवावी. ठेववत नसेल, तर मुलांसाठी ती जागा अजून तयार नाही.

गच्चीवर

गच्चीचा हिशेब वेगळा आहे. विदर्भातली गच्ची हे घराचं उन्हाळी अंगण. तिथे वड्या-कुरड्या वाळतात, संध्याकाळी पाणी मारून रात्री झोपायची सोय होते. त्या गच्चीवर मुलांसाठी किंवा व्यायामासाठी टाइल्स घ्यायच्या, तर आधी एक गोष्ट पक्की करावी. रबरी टाइल वॉटरप्रूफिंग नाही. सांध्यांतून आणि दाण्यांतून पाणी खाली जातंच. गळती झाकायला टाइल बसवली, तर ती गळती कुठून होते हे शोधणं तेवढं कठीण होतं. आधी कोबा, चायना मोझेक दुरुस्त करावं, पाणी साठवून दोन दिवस पाहावं, उतार आणि पाइपांची तोंडं तपासावीत, मगच टाइल.

खालच्या बाजूला खाचा किंवा पाय असलेली टाइल घ्यावी, म्हणजे पाणी अडत नाही. वॉटरप्रूफिंगच्या थरावर चिकटवण लावू नये. पिनांनी एकमेकींत अडकणाऱ्या टाइल्स सुट्या मांडाव्यात, म्हणजे पावसाळ्याआधी उचलून खालचा पाला-माती साफ करता येते. साचलेल्या पाण्यात डास होतात हे इथे वेगळं सांगायला नको.

वजनही मोजावं. पन्नास मिलिमीटरची टाइल चौरस मीटरला सुमारे चाळीस किलो भरते. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास वर्दळीचा भार धरतं. जुन्या स्लॅबवर टाइल्स, पाण्याच्या टाक्या, कूलर, सोलर पॅनेल हे सगळं एकत्र येण्याआधी अभियंत्याला विचारावं. कठड्याची उंचीही टाइलच्या वरून मोजावी, कारण जाड टाइलने पायाखालची जमीन उचलली की कठडा तेवढाच खाली जातो.

खोली थंड होईल म्हणून टाइल घेणाऱ्यांसाठी: रबर काँक्रीटपेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे खाली थोडा फरक पडतो, पण वरचं रबर स्वतः तापतं. घर थंड करणं एवढाच हेतू असेल, तर पांढरा परावर्ती रंग किंवा चुना स्वस्त आणि चांगला. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं, तेही याच तत्त्वावर.

दिवाळीसाठी आणखी एक. या टाइलवर अनार, भुईचक्र पेटवू नये. रबर जळतं आणि त्याचा धूर घातक असतो. फटाक्यांची जागा उघड्या फरशीवर, टाइल्सपासून दूर ठेवावी. वड्या-पापडही या टाइलवर थेट वाळत घालू नयेत.

टायरमधलं रसायन

हा शेवटचा सल्ला का, हे सांगायला हवं. टायरमध्ये काजळी, गंधक, जस्त, तेलं आणि बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन असतात. यांपैकी काही कर्करोगकारक ठरलेली आहेत. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या रबरी वस्तूंत अशा आठ संयुगांपैकी प्रत्येकासाठी मर्यादा आहे: सर्वसाधारण वस्तूंत किलोला एक मिलिग्रॅम, खेळण्यांत अर्धा. कृत्रिम गवतात भरल्या जाणाऱ्या सुट्या दाण्यांवर २०२३च्या नियमाने तिथे टप्प्याटप्प्याने बंदी येते आहे, कारण ते सूक्ष्म प्लास्टिक होऊन माती-पाण्यात जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४मध्ये मैदानांवरच्या टायर-दाण्यांचा अहवाल दिला. रसायनं आहेत, पण खेळणाऱ्यांच्या शरीरात जाणारं प्रमाण मर्यादित असावं, असं त्यात म्हटलं आहे.

यातून घाबरायचं कारण निघत नाही, पण निवडीचं कारण निघतं. सुट्या दाण्यांपेक्षा घट्ट बांधलेली टाइल बरी. ज्या टाइलचे दाणे बोटाने खरवडले की सुटतात ती परत करावी. रांगणाऱ्या बाळांच्या अंगणवाडीत वरचा थर ईपीडीएमचा असावा. खेळून आल्यावर हात धुणं हा नियम असावा. झिजलेल्या, चुरा होणाऱ्या टाइल्स वेळेवर बदलाव्यात. एक टाइल उचलून दुसरी ठेवता येते, हाच तर टाइलचा ओतीव रबरापेक्षा मोठा फायदा.

निविदेत काय लिहायचं

शिक्षणहक्क कायद्याने २००९मध्ये प्रत्येक शाळेला मैदान हवं असं सांगितलं. त्यामुळे नगरपरिषद, शाळा, ले-आउटची सोसायटी या सगळ्यांच्या कागदावर ही खरेदी येत राहणार. तिथे "रबरी टाइल, रंगीत, पंचवीस मिलिमीटर" एवढंच लिहिलं, तर सर्वांत स्वस्त पुरवठादार येईल आणि तो नियमानेच येईल. त्याऐवजी मागणी अशी लिहावी: सर्वांत उंच खेळण्याच्या पडण्याच्या उंचीसाठी ईएन ११७७ किंवा एएसटीएम एफ१२९२ची चाचणी झालेली टाइल, प्रमाणपत्रासह, खेळण्याभोवतीची मोकळी जागा धरून क्षेत्रफळ, मुरूम, गिट्टी, काँक्रीट आणि उतार यांचं वेगळं मोजमाप, वरच्या थराचं द्रव्य आणि फिकट रंग, सावलीची सोय त्याच अंदाजपत्रकात, आणि तीन वर्षांनी जागेवर पुन्हा चाचणी, कारण ऊन-पावसाने रबर कडक होत जातं.

हे मागायला कोणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई किंवा सोसायटीचे एक निवृत्त काका टेप आणि ब्लेड घेऊन उभे राहिले तरी बराच फरक पडतो. एकाने घसरपट्टीच्या चौथऱ्याची उंची मोजावी, दुसऱ्याने टाइलची जाडी, आणि दोन्ही आकडे प्रमाणपत्राशेजारी ठेवावेत. आकडे जुळले नाहीत तर बिल थांबवावं.

आणि पैसे कमी पडले तर? ते नेहमीच कमी पडतात. अशा वेळी जाडीत काटछाट करायची नाही. काटछाट उंचीत करायची. दोन मीटरची घसरपट्टी परवडत नसेल, तर मीटरभराची घ्यावी आणि तिच्याखाली तिच्या उंचीला पुरेल अशी, सावलीतली, पक्क्या पायावरची टाइल घालावी. मुलं छोट्या घसरपट्टीवरही तेवढीच खेळतात. त्यांना उंच खेळणं दिलं नाही तरी चालेल. पडल्यावर उठून पुन्हा चढता येईल अशी जमीन देणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि कळमेश्वरला ते आजच्या पैशांत, आजच्या माणसांकडून करून घेता येतं.